भूकंपानंतर गावातले आजार कसे मोजायचे

समजा, सोमवारी तालुक्याला १८ वस्त्यांचे अहवाल आले आणि जुलाबाचे १४ रुग्ण निघाले. मंगळवारी रुग्ण ९. बैठकीत सगळ्यांना हायसं वाटतं, साथ उतरायला लागली म्हणून. पण मंगळवारी अहवालच मुळी ९ वस्त्यांचे आले होते. वस्तीमागे हिशेब केला तर सोमवारी पाऊण रुग्ण होता, मंगळवारी एक झाला. म्हणजे साथ चढते आहे. आणि न आलेले नऊ अहवाल कुठले? जिथला पूल खचला, जिथे मोबाइलला रेंज नाही, जिथल्या आशाताईंचं स्वतःचंच घर पडलं. आजार असण्याची शक्यता जिथे सगळ्यात जास्त, नेमके तिथले.

भूकंपानंतरच्या साथरोग सर्वेक्षणात सगळ्यात मोठी चूक इथे होते. ‘रुग्ण नाही’ आणि ‘कळलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून रुग्ण नसला तरी शून्य लिहून पाठवायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. आणि तालुक्याला संध्याकाळी आकडे जुळवताना आधी कोणाचा अहवाल आला नाही ते बघायचं, बेरीज नंतर. सलग दोन दिवस एखादी वस्ती गप्प असेल तर तिसऱ्या दिवशी फोनची वाट न बघता माणूस पाठवायचा.

विदर्भात भूकंप म्हटलं की लोकांना किल्लारी आठवते, कोयना आठवते. आपल्याकडे काय व्हायचंय, असं वाटतं. पण २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप सातपुड्याच्या पलीकडेच झाला होता. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत जमीन हलली. मातीच्या भिंती आणि वर जड कौलं असलेल्या घरांना मध्यम धक्काही पुरतो. तयारी म्हणून वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे: उपकेंद्रातून लक्षणांवरून संशयित, प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्टरांनी तपासलेले आणि प्रयोगशाळेतून पक्के झालेले रुग्ण कळवले जातात. फक्त त्याची चाल वर्षानुवर्षं आठवड्याची होती; २०२१ पासून ऑनलाइन नोंद रोज करायची असते. कॉलऱ्याचे जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत माणूस आडवा होतो. आठवड्याचा आकडा जुळेस्तोवर साथ तीन वस्त्या ओलांडून गेलेली असते. म्हणून पडझडीनंतर अहवाल रोजचाच हवा.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण त्यापायी पावडर आणि माणसं दोन्ही वाया जातात. ढिगाऱ्याखालच्या मृतदेहांमुळे साथ पसरते, असं सगळीकडे म्हटलं जातं. भूकंपात जखमी होऊन मेलेली माणसं साथ पसरवत नाहीत. प्रेतं हाताळणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, हात धुवावेत. मेलेली जनावरं विहिरीजवळ, नाल्याजवळ पडू देऊ नयेत. एवढं पुरे. साथ येते जिवंत माणसांच्या अडचणीतून: फुटलेली पाइपलाइन, शौचालय नसलेली वस्ती, एका टिनाच्या शेडात कोंबलेली तीन कुटुंबं, चुकलेलं लसीकरण, सुटलेली औषधं. ब्लीचिंग पावडर रस्त्याच्या कडेला आणि ढिगाऱ्यावर शिंपडणं बंद करून ती विहिरीत आणि टँकरमध्ये गेली पाहिजे. ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर मुझफ्फराबादच्या एका नियोजनाविना उभ्या राहिलेल्या छावणीत ७०० हून अधिक लोकांना पाण्यासारखे जुलाब झाले. स्वच्छ पाणी आणि शौचालयांची सोय झाल्यावर ते आटोक्यात आले.

आधी माणसं मोजा

आजारी मोजण्याआधी राहणारे मोजावे लागतात. समजा, शाळेच्या मैदानावरच्या शेडांत ३०० माणसं आहेत आणि आठवड्यात १२ जणांना जुलाब झाले. बाजाराजवळच्या शेडांत १,१०० माणसं, रुग्ण १८. नुसता आकडा बघितला तर पथक बाजाराकडे धावेल. पण शाळेजवळ शंभरात ४ जण आजारी आहेत, बाजाराजवळ शंभरात दीडच्या आसपास. पाणी आधी शाळेजवळचं तपासायला हवं.

ही मोजणी जुन्या मतदार यादीवरून किंवा रेशनच्या यादीवरून होत नाही. कोणी सोयऱ्यांकडे गेलेलं असतं, कोणी धुऱ्यावर पाल ठोकून राहतं, बाहेरून नातेवाईक आलेले असतात. प्रत्येक शेडाला रंगाने क्रमांक घालावा आणि क्रमांकावार पाच आकडे घ्यावेत: एकूण माणसं, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, साठीच्या वरचे, आणि रोजची गोळी चालू असलेले. दर आठवड्याला हे आकडे ताजे करावेत. विदर्भात मोजणीची वेळ फार महत्त्वाची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा एप्रिल-मे मध्ये मोहफूल, तेंदूपानाच्या हंगामात दुपारी वस्तीत म्हातारी माणसं आणि लेकरंच सापडतात. सकाळी सातच्या आत जावं, नाहीतर दिवेलागणीला.

काय विचारायचं, काय लिहायचं

‘जुलाब’ म्हणजे नक्की काय, हे सगळ्यांनी एकच धरलं नाही तर एका वस्तीचे १० आणि दुसरीचे १० यांची तुलना होत नाही. म्हणून प्रत्येक आजाराची एका ओळीची व्याख्या ठरवून नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावी. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच म्हणजे जुलाब. त्यात रक्त असेल तर आव. हा रकाना वेगळा. ताप आणि अंगभर पुरळ, सोबत खोकला, सर्दी किंवा लाल डोळे म्हणजे गोवरचा संशय. डोळे पिवळे म्हणजे कावीळ. ताप आणि थंडी असेल तर हिवतापाची तपासणी. जखम झालेल्या माणसाचा जबडा आखडला तर धनुर्वात.

लोक मात्र या शब्दांत बोलत नाहीत. कोणी ‘संडास लागली’ म्हणेल, कोणी ‘पोट बिघडलं’, तर कोणी सांगायलाच लाजेल. गोवर निघालेल्या लेकराला ‘माता आली’ म्हणून आत झाकून ठेवतात आणि बाहेरच्याला सांगत नाहीत. म्हणून ‘गोवर आहे का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘लेकराच्या अंगावर काही निघालं का, ताप आहे का?’ असं विचारावं लागतं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी बोलणारी त्याच टोल्यातली आशाताई असेल तर खरं कळतं. भुमका (गावातले पारंपरिक वैदू) आणि पुजाऱ्यांनाही या कामात घ्यावं. आजारी माणूस अनेकदा आधी त्यांच्याकडे जातो. त्यांच्याकडून रोज एक निरोप आला तरी साथ दोन दिवस आधी हाती लागते.

नोंदवहीत रकाने थोडे असावेत, नाहीतर चौथ्या दिवशी कोणी भरत नाही. शेड क्रमांक, वय, बाई की पुरुष, गरोदर आहे का, लक्षण, लक्षण सुरू झाल्याची तारीख, पिण्याचं पाणी कुठलं, पुढे काय झालं. यातली लक्षण सुरू झाल्याची तारीख सगळ्यात जास्त चुकते. बहुतेक जण तपासणीची तारीख लिहितात. शिबिर गुरुवारी लागलं म्हणून गुरुवारी एकदम ३० रुग्ण दिसतात आणि साथ गुरुवारी सुरू झाली असं वाटतं. खरं तर ती सोमवारपासून चालू असते. या तारखांचे उभे खांब वहीच्या पानावर काढले की बरंच कळतं. सगळे खांब दोन दिवसांत उंच उठून खाली आले तर एकदाच काहीतरी पोटात गेलं: पंगतीतलं जेवण, एक टँकर. खांब हळूहळू वाढत लांबले तर माणसाकडून माणसाकडे पसरतंय किंवा विहीर रोज दूषित होते आहे.

वय निदान दोन गटांत हवंच, पाचच्या खाली आणि वर. लहान लेकरांना जुलाब नेहमी होतात. पण मोठ्या माणसाला तांदळाच्या पेजेसारखे पांढरे जुलाब होऊन काही तासांत डोळे खोल गेले तर कॉलरा समजूनच धावायचं.

नावांची यादी वस्तीच्या वहीतच राहू द्यावी. वर फक्त आकडे जावेत. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नावं फिरली की दुसऱ्या दिवसापासून लोक आजार लपवायला लागतात.

भूकंपानंतरचा आणखी एक घोळ बाहेरून आलेल्या शिबिरांचा. तीन संस्थांची पथकं एकाच दिवशी येतात, एकच बाई तिघांकडे जाऊन येते आणि एकाची तीन माणसं होतात; किंवा पथक १५० जणांना गोळ्या देऊन निघून जातं आणि एकही नोंद मागे राहत नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक शेडाला एक कार्ड द्यावं, तपासणाऱ्याने त्यावर तारीख आणि लक्षण लिहावं, आणि निघण्याआधी आपला आकडा प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावा. ही अट परवानगी देतानाच घालावी. गावातले खासगी डॉक्टर आणि मेडिकलवाले यांनाही रोज संध्याकाळी एक फोन करावा. आज ओआरएसची किती पाकिटं गेली, एवढं विचारलं तरी खूप कळतं.

कशासाठी थांबायचं नाही

बहुतेक आजार संध्याकाळच्या अहवालात जातील. काही मात्र एकच रुग्ण दिसला तरी त्याच तासाला फोन करण्याचे आहेत: गोवरचा संशय, पाच वर्षांवरच्या माणसाला पाण्यासारखे जुलाब होऊन अंगातलं पाणी पार जाणं किंवा जुलाबाने मृत्यू, पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडणं, धनुर्वात, एका ठिकाणी एकाच वेळी काविळीचे काही रुग्ण, आणि कारण न कळणारे, एकसारखे दिसणारे एकाहून जास्त आजारी.

बाकीच्यांसाठी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी काढावी. आकडा तिच्या दुपटीला टेकला की चौकशी सुरू. आधी ३, ५, ४ आणि या आठवड्यात ९, म्हणजे चौकशी. ती चोवीस तासांत व्हावी. सगळ्यांचे नमुने घ्यायची गरज नसते. पाच ते दहा ताजे रुग्ण पुरतात. जुलाबाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधीच घ्यावा, कॅरी-ब्लेअरच्या (जंतू टिकवून ठेवणाऱ्या) नळीत घालावा, आणि ती नळी गोठवू नये. अहवालाची वाट बघत ओआरएस थांबवू नये. मुलांना जुलाब असतील तर ओआरएससोबत झिंक, सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे.

मृत्यूंची नोंद वेगळी ठेवावी. पोलीस पाटील, कोतवाल आणि अंत्यविधीला हजर असणारी माणसं यांच्याकडून ती मिळते. दवाखान्यात न पोहोचलेले मृत्यू फक्त इथेच दिसतात. दहा हजार लोकांमागे दिवसाला एक मृत्यू ही जगभर धरलेली धोक्याची रेषा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दोन. समजा, ४,८०० लोकसंख्येत सात दिवसांत ५ मृत्यू झाले. ४,८०० गुणिले ७ म्हणजे ३३,६००; पाचला त्याने भागून दहा हजाराने गुणलं की दीड येतं. रेषा ओलांडली. भूकंपाच्या दिवशी दबून मेलेले यात धरायचे नाहीत, ते वेगळे. आणि ६०० वस्तीच्या गावाला हे गणित लावू नये, कारण तिथे आठवड्यात एक म्हातारा गेला तरी दोनच्या वर आकडा येतो. लहान गावात प्रत्येक मृत्यूची विचारपूस हाच मार्ग.

विहीर, टँकर आणि पावडर

जुलाबाचा आकडा चढला की पहिली भेट पाण्याला. धक्क्यानंतर विहिरी गढूळ होतात, काही आटतात, काहींची पातळी चढते. हातपंपाच्या ओट्याला भेग पडते आणि सांडपाणी सरळ खाली मुरतं. ही भेग बारीक असते, ओटा झाडून बघितल्याशिवाय दिसत नाही. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात प्रादेशिक योजनेची पाइपलाइन फुटली की लोक खारट विहिरीपेक्षा गोड लागणारं नाल्याचं पाणी पसंत करतात. तिथे ‘पिण्याचं पाणी कुठलं’ हा रकाना सोन्यासारखा. यवतमाळ-चंद्रपूरकडे घाईने नवी बोअर मारली तर फ्लोराइड तपासून घ्यावं. त्याचा त्रास जुलाबासारखा आठवड्यात नाही, वर्षांनी दिसतो.

पावडरीचा हिशेब असा. चांगल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. सगळं मीटरमध्ये धरलं तर उत्तर घनमीटरमध्ये, म्हणजे हजार-हजार लिटरमध्ये येतं. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, आणि पावडर ७० ग्रॅम. भूकंपानंतर किंवा साथीत दुप्पट, १४० ग्रॅम धरून सुरुवात करावी. पावडर सरळ विहिरीत टाकू नये. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी आणि खालीवर हिसके द्यावेत. एक तास कोणी पाणी भरू नये. टँकरमध्ये पावडरीचं द्रावण भरतानाच घालावं. रस्त्यात अर्धा तास मिळतो आणि वस्तीत पोहोचेपर्यंत जंतू मेलेले असतात. ५,००० लिटरच्या टँकरला दुप्पट प्रमाणाने २५ ग्रॅम.

मग ओटी परीक्षा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला का ते औषधाच्या रंगावरून बघणं. पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत बघायचा; पंधरा मिनिटांनी दिसणाऱ्या रंगात फारसा उपयोग नसलेला क्लोरीनही मोजला जातो. नळाशी लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा, घरातल्या माठात ०.२ च्या खाली नको. नळाशी रंग येतो आणि माठात येत नाही, असं झालं तर दोष विहिरीचा नाही, भांड्याचा आणि पाण्यात बुडणाऱ्या हाताचा आहे. तिथे वगराळं आणि झाकण द्यावं. विहिरीतच रंग येत नसेल तर दोन कारणं संभवतात. एक, पाणी गढूळ आहे आणि माती-कचरा क्लोरीन खाऊन टाकतो. आधी उपसा करा, गाळ बसू द्या. दुसरं, पावडर मेली आहे. फाटक्या पोत्यात, ओलीत ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, उरतो तो चुना. ग्रामपंचायत ‘रोज टाकतो’ म्हणते ते खरं असतं आणि तरी जुलाब थांबत नाहीत, ते यामुळे. पावडर झाकणबंद डब्यात, सावलीत ठेवावी.

कोणता आजार केव्हा

पहिल्या आठवड्यात जखमा असतात. मांडी-पाय तासन्तास दबलेल्या माणसाची लघवी काळपट झाली किंवा कमी झाली तर मूत्रपिंड धोक्यात आहे. त्याला तसाच मोठ्या रुग्णालयात न्यावं. जखम झाल्यावर तीन आठवड्यांपर्यंत धनुर्वाताची भीती असते. २००६ मध्ये जावा बेटावरच्या भूकंपानंतर असे डझनावारी रुग्ण झाले. आपल्याकडेही गरोदरपणात बायांना लस मिळालेली असते, वयस्क पुरुषांना मात्र अनेकदा नसते.

गोवर दहा ते चौदा दिवसांनी डोकं वर काढतो. गर्दीच्या वस्तीत पहिला रुग्ण दिसण्याची वाट न बघता सहा महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लस आणि त्यातल्या पाच वर्षांखालच्यांना जीवनसत्त्व अ द्यावं. नऊ महिन्यांआधी दिलेला डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरायचा नाही, हे कार्डावर लिहून ठेवावं. विषमज्वर एक ते तीन आठवड्यांनी, कावीळ दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही. ई प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर उठते, म्हणून तो गरोदरचा रकाना.

पावसाळा आला की यादी बदलते. उघड्या ड्रमांमध्ये डेंग्यूचे डास होतात, जंगलपट्ट्यात हिवताप वाढतो, गवतातल्या सूक्ष्म किड्यांमुळे स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१५ च्या एप्रिलमधल्या नेपाळ भूकंपानंतर त्याच पावसाळ्यात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले होते. विदर्भात २०१८ मध्ये त्याची साथ येऊन गेली. तापाच्या रुग्णाच्या काखेत, जांघेत काळी खपली आहे का, ते बघावं. जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावते. तिचा चावा दुखत नाही, खूण दिसत नाही. सकाळी माणूस पोट दुखतं म्हणतो आणि नोंद ‘पोटदुखी’ अशी होते. पोटदुखीसोबत पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर १०८ बोलवा. आणि मे महिन्यात टिनाच्या शेडात उष्माघाताचा रकाना लागतोच.

जुन्या आजारांची यादी आरोग्य केंद्रात आधीच असते. तिच्यातल्या माणसांपर्यंत पहिल्या आठवड्यात पोहोचायचं. क्षयरोगाच्या गोळ्या ढिगाऱ्यात गेलेल्या असतात. पूर्व विदर्भात सिकलसेलची माणसं पुष्कळ आहेत. पाणी कमी पडणं, थंडी, ताप यापैकी एकानेही त्यांना वेदनांचा झटका येतो, आणि त्यात हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद पडलेल्या. बीपी, साखर, फिट्स यांचंही तसंच. इथे आजारी किती हे मोजण्यापेक्षा औषध सुटलेले किती हे मोजावं, आणि तो आकडा शून्यावर आणावा. झोप न येणं, बारीक आवाजाने दचकणं, जेवण टाकणं याबद्दल विचारपूस आशाताईंनी बसून, एकेकट्याशी करावी. जीव द्यावासा वाटतो असं कोणी म्हटलं तर त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी; टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

रोजचा अहवाल कधी थांबवायचा? मदत ओसरली म्हणून नाही. हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला आणि कॉलरा ऑक्टोबरमध्ये आला, नऊ महिन्यांनी, तोही बाहेरून. दहापैकी आठ वस्त्या वेळेवर कळवत असतील, आठवडे उलटूनही आकडे नेहमीच्या पातळीवर टिकले असतील आणि पाण्यात क्लोरीन रोज सापडत असेल, तरच नेहमीच्या अहवालावर यावं. तत्काळ फोनची यादी मात्र तशीच चालू ठेवावी, निदान शेडातली सगळी माणसं पक्क्या घरात जाऊन एक पावसाळा निघेपर्यंत. आणि नव्या जागी गेल्यावर शेड क्रमांक खोडून घर क्रमांक घालायच्या आधी माणसं पुन्हा मोजून घ्यावीत.